चटकन पाऊल उचलणारे आधीच ठरवून बसलेले असतात

पावसाळ्यात नाशिककराला गोदावरीला पाणी किती आलंय असं विचारलं, तर तो क्युसेकमध्ये क्वचितच उत्तर देतो. "मारुतीच्या कमरेला लागलंय," असं म्हणतो. रामकुंडाजवळ पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही या शहराची पूर मोजायची खूण. पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा आणि मग डोक्यावरून पाणी. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की इतके हजार क्युसेक असा आकडा जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. पण तो आकडा ऐकून घाटावरच्या पूजासाहित्याच्या टपरीवाल्याला आता नेमकं काय करायचं ते कळत नाही. मारुतीकडे बघितलं की कळतं. अमुक ठिकाणी पाणी आलं की टपरी वर न्यायची, त्याच्या पुढे गेलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानांनी खालच्या फळ्यांवरचा माल माळ्यावर चढवायला घ्यायचा. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या माणसांच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की त्या वेळी घाटावर कुणी चर्चा करत बसलेलं दिसत नाही. दोघं टपरीला खांदा देतात, तिसरा दोर सोडतो, पोरगं नारळाचं पोतं उचलून पायऱ्या चढायला लागतं.

बघणाऱ्याला वाटतं, काय चपळाई आहे! मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. त्या माणसांनी त्या क्षणी काही ठरवलेलंच नसतं. ठरवणं मागच्या पुरात, नाहीतर वडिलांच्या वेळच्या पुरात होऊन गेलेलं असतं. आज फक्त खूण दिसते आणि हात हलतात.

वेळ आली की झटकन, न डगमगता वागणं हा काही जणांना जन्मतः मिळालेला गुण आहे, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. "तो खमक्या आहे." "तिला प्रसंगावधान आहे." "मला बाई असलं काही जमत नाही." या समजुतीमुळे फार नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं, कारण तिच्यामुळे भली माणसं तयारीच करत नाहीत. गुण नाही म्हटल्यावर तयारी कशाची करायची? खरं तर प्रसंगावधानाचा मोठा भाग आधी, सवडीने, चहा पिता पिता करून ठेवता येतो. तो कसा, हे समजण्यासाठी आधी ऐन वेळी आपलं काय होतं ते बघू.

हातपाय गळतात तेव्हा

संकटात लोक किंचाळत सैरावैरा धावतात, हे चित्र सिनेमाने आपल्या मनावर ठसवलंय. प्रत्यक्षात तसं कमी घडतं. बहुतेक माणसं थिजतात. उभी राहतात, एकमेकांकडे बघतात, नाहीतर भलतंच काही करत बसतात. धूर यायला लागला आणि माणूस बॅगेत चार्जर शोधतोय, असं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन लीच यांनी बोटी बुडणं, विमान अपघात अशा प्रसंगांतून वाचलेल्यांचा अभ्यास करून याचं कारण फार सोपं करून मांडलं. मेंदूकडे एखाद्या प्रसंगाचं उत्तर तयार असेल, तर ते डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात बाहेर पडतं. दोन-तीन तयार उत्तरांतून एक निवडायचं असेल, तर एक-दोन सेकंद लागतात. पण उत्तर तयारच नसेल आणि ते नव्याने रचायचं असेल, तर शांत डोक्यालाही आठ-दहा सेकंद लागतात. भीतीने ती वेळ आणखी लांबते. विचार करताना आपण एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी मनात धरू शकतो, आणि घाबरल्यावर त्यातलीही जागा भीतीच खाते. म्हणजे थिजलेला माणूस भित्रा नसतो. त्याचा मेंदू शोधत असतो आणि त्याला काही सापडत नसतं.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते, आणि माझ्या मते जास्त जीव ती घेते. "काही नसेल" असं वाटणं. पन्नाशीच्या गृहस्थांना पहाटे छातीत भरून येतं, घाम फुटतो, डावा हात जड होतो. घरातलं पहिलं वाक्य काय असतं? "काल जेवण उशिरा झालं ना, गॅस धरला असेल." मग ओवा, मग सोडा, मग थोडं पडून बघणं. कुणी निष्काळजी नसतं. मन नेहमीच्या खुलाशाला चिकटून राहतं, कारण आजवर शंभर वेळा तो खुलासा खरा ठरलेला असतो.

चार माणसं जमली की हे आणखी वाढतं. १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकी संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. खोलीत माणसाला फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटा बसलेला असताना ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. मग सोबत दोन माणसं बसवली. त्यांना सांगून ठेवलं होतं की धुराकडे बघायचं, खांदे उडवायचे आणि लिहीत राहायचं. तेव्हा सांगायला उठणारे उरले १० टक्के. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत राहिले! प्रत्येकजण दुसऱ्याचा चेहरा वाचतो, दुसरा शांत दिसतो, म्हणजे काही नसणार. आणि तो दुसरा आपलाच चेहरा वाचत असतो.

मुंबई नाक्यावर किंवा द्वारका चौकात दुचाकीवाला पडल्यावर जमणारा घोळका आठवा. त्यातल्या बहुतेकांना मदत करायची असते. पण आपल्याआधी कुणीतरी फोन केला असेल, असं त्यातल्या प्रत्येकाला वाटत असतं. माणुसकी आटली वगैरे आपण लगेच म्हणतो, ते मला अन्यायाचं वाटतं. तिथे कमी असते ती पहिलं वाक्य बोलणाऱ्या एका माणसाची.

लासलगावचा व्यापारी आणि त्याची नजर

आता दुसरी बाजू. खरोखर क्षणात निर्णय घेणारी माणसं बघायची असतील, तर सकाळी लासलगावच्या कांदा मार्केटात जावं. ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेने उभे असतात. लिलावाचा ताफा एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर सरकत असतो. व्यापारी ढिगात हात घालतो, दोन कांदे उचलतो, अंगठ्याने मान दाबतो. पत्ती (वरची साल) किती आहे, तिच्यावर काजळी आलीय का, रंग उतरलाय का, गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती मिसळलाय, जोडकांदा किती, उन्हाळ कांदा असेल तर साठवणीच्या चाळीत टिकेल का. एवढं सगळं त्याने पाहिलं हे आपल्याला कळायच्या आत बोली सुरू झालेली असते. लाखाचा व्यवहार, आणि मिनिटभरात ताफा पुढच्या गाडीवर. शेजारी उभा असलेला शेतकरीही तेवढ्याच वेळात ठरवतो की भाव पटला, का नाकारून गाडी पुन्हा लावायची.

हे कसं होतं, याचा अभ्यास १९८० च्या दशकात गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांवर केला. त्याची अपेक्षा होती की हे अनुभवी लोक निदान दोन पर्याय समोर ठेवून तोलत असतील. अधिकारी म्हणाले, आम्ही तोलत वगैरे नाही. समोरचं दृश्य कशाच्या जातीचं आहे हे त्यांना ओळखू येतं, ओळखल्याबरोबर करायची गोष्टही सुचते. ती मनात एकदा चालवून बघतात, अडली नाही तर लगेच करतात, अडली तर दुसरी. यातला एक प्रसंग बराच प्रसिद्ध आहे. एका घरात स्वयंपाकघराला आग लागली होती. जवान पाणी मारत होते, आग हटत नव्हती. खोली जास्तच तापली होती, पण आवाज मात्र फारसा नव्हता. अधिकाऱ्याला काय खटकलं ते सांगता येईना, पण त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. पाठोपाठ जमीन खचली. खरी आग खाली तळघरात होती. त्याला साक्षात्कार झाला नव्हता. शेकडो आगी पाहिल्यामुळे अशी आग अशी वागायला नको, एवढं त्याला जाणवलं होतं.

मग अनुभवी माणसाच्या मनाचा कौल नेहमी मानायचा का? नाही, आणि हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. क्लाइन आणि अशा अंतःप्रेरणेवर फारसा विश्वास नसलेले नोबेल विजेते डॅनियल कानमन या दोघांनी २००९ मध्ये मिळून एक निबंध लिहिला. दोघं विरुद्ध टोकांचे, पण या बाबतीत त्यांचं एकमत झालं. झटपट अंदाज भरवशाचा असायला दोन गोष्टी लागतात. एक, ज्या गोष्टीचा अंदाज करायचा तिच्यात काहीतरी नियम हवा. दोन, आपण चुकलो की बरोबर, हे लवकर आणि स्पष्ट कळायला हवं.

लासलगावच्या व्यापाऱ्याला हे लावून बघा. मालाचा अंदाज घेताना दोन्ही गोष्टी आहेत. कांद्याच्या पत्तीला, मानेला नियम आहे, आणि त्याच दिवशी खळ्यावर गाडी खाली झाली की तळाशी काय निघालं ते दिसतं. वीस वर्षं रोज अशी तपासणी होत असेल, तर नजर तयार होणारच. पण त्याच व्यापाऱ्याला विचारा, पुढच्या महिन्यात भाव काय असेल? तो तितक्याच ठामपणे सांगेल, पण त्या उत्तराला आधार नाही. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना काढली आणि भाव एकदम पडले. ढिगात हात घालून ते कुणालाच कळलं नसतं. माणूस तोच, आवाजातला ठामपणा तोच. पण एका प्रश्नाला त्याचं ऐकावं आणि दुसऱ्याला ऐकू नये. स्वतःच्या बाबतीतही हेच विचारायचं: मला आत्ता जी खात्री वाटतेय, तिची आजवर तपासणी झालीय का?

घाई प्रसंगाची की माणसाची

वेगाने वागावं हे खरं, पण कधी? यासाठी मी एक प्रश्न सगळ्यात वर ठेवतो. घाई प्रसंगाची आहे, की कुणी माणूस मला घाई करतोय?

दिंडोरी, निफाडकडचा द्राक्ष बागायतदार वर्षात दोन्ही प्रकारच्या घाईला सामोरा जातो. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्याच्या आसपास आली आणि आभाळ भरून आलं, की डावण्याची भीती. डावण्या ही बुरशी ओल्या पानावर रुजते. ती रुजायच्या आधी पानावर औषध असेल तर उपयोग, आत शिरल्यावर तिला हटवणं अवघड आणि महागाचं. मधे पावसाची उघडीप मिळाली तर तेवढ्याच वेळात फवारणी उरकावी लागते. इथे घाई प्रसंगाची आहे. थांबल्याने नवीन काही कळणार नाही, नुकसान मात्र वाढेल. आणि फवारणी वाया गेली तरी गेले ते एका फवारणीचे पैसे. अशा वेळी जे बागायतदार डगमगत नाहीत, त्यांच्याकडे औषध आणून ठेवलेलं असतं, फवारणीचा ब्लोअर तपासलेला असतो, आणि कितपत पावसाचा अंदाज आला की बाहेर पडायचं हे ठरलेलं असतं.

तीच बाग काढणीला आली की एक अनोळखी व्यापारी गाडी घेऊन बांधावर येतो. भाव चांगला सांगतो. "पण दादा, आत्ताच हो म्हणा, उद्या मी शेजारच्या बागेत खुडा सुरू करतोय. पैसे आठ दिवसांत." इथे घाई माणसाची आहे. मणी अजून दोन दिवस वेलीवर थांबू शकतात. त्या दोन दिवसांत त्याची चौकशी होऊ शकते, आगाऊ रक्कम मागता येते. आणि माल एकदा गाडीत चढला की परत येत नाही. द्राक्षं घेऊन, पैसे बुडवून पसार झालेल्या व्यापाऱ्यांच्या कहाण्या या पट्ट्यात दर हंगामाला ऐकू येतात, आणि बहुतेकींत ते "आत्ताच हो म्हणा" असतंच.

फोनवरून होणारी फसवणूक सगळी या दुसऱ्या घाईवर चालते. पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाने पार्सल सापडलंय म्हणतो, कॅमेरा बंद करू नका, घरात कुणाला सांगू नका, लगेच पैसे भरा. "डिजिटल अरेस्ट" नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. तो माणूस तुमच्याकडून दोनच गोष्टी हिरावून घेत असतो, वेळ आणि शेजारी कुणी असणं. तिथे सगळ्यात ठाम कृती म्हणजे फोन ठेवणं. आणि पैसे गेलेच, तर पुढच्याच मिनिटापासून घाई खरी होते. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० या नंबरवर, ताबडतोब तक्रार केली, तर पैसे पुढे सरकायच्या आत गोठवले जाण्याची शक्यता असते. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलात, की ती कमी होत जाते.

काही प्रसंग मात्र असे फसवे असतात की घाई आहे हेच दिसत नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या भातपट्ट्यात पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्यांना रात्री मण्यार चावते. तिचा दंश अनेकदा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही धड दिसत नाही. माणूस मुंगी चावली म्हणून कूस बदलतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येईना होतं, मग श्वास अडकायला लागतो. "त्रास झाला तर नेऊ" हे धोरण इथे जीव घेतं. म्हणून निर्णय लक्षणांवर सोडायचा नाही. साप चावल्याचा संशय आला, की दवाखाना. चिरा देणं नाही, आवळून बांधणं नाही, मांत्रिक नाही. हातपाय फार हलू न देता, प्रतिसर्पविष मिळेल अशा ठिकाणी नेणं. हा निर्णय घरात आज, दिवसाढवळ्या घेऊन ठेवायचा, कारण रात्री अडीच वाजता कंदिलाच्या उजेडात पाच जणांची पाच मतं निघतात.

पहिली दोन मिनिटं, जवळून

आता एक प्रसंग हाताशी घेऊ, कारण यात वेगाची किंमत सगळ्यात उघडपणे मोजता येते. गोदापार्कवर सकाळी फिरताना तुमच्या पुढे चालणारे काका अचानक कोसळले. हृदय बंद पडलं असेल, तर कुणी छाती दाबली नाही तेव्हा दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. नाशिकच्या रहदारीत सहा मिनिटांत रुग्णवाहिका पोचेल यावर कुणी पैज लावणार नाही. म्हणजे जे व्हायचं ते जवळ उभ्या असलेल्यांच्या हातून.

गुडघ्यावर बसा, दोन्ही खांदे धरून हलवा, मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही. छाती वरखाली होतेय का बघा. इथे एक फसगत होते, ती लक्षात ठेवा. हृदय बंद पडलेला माणूस पहिली काही मिनिटं अधूनमधून आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा श्वास घेतो. लोक म्हणतात, श्वास चालू आहे, थांबा. तो श्वास नव्हे. लगेच सुरुवात करायची.

आणि सुरुवात करण्याआधी एक वाक्य. "कुणीतरी फोन करा" असं नाही. एका माणसाकडे बोट दाखवून: "दादा, तुम्ही, निळा टी-शर्ट. १०८ लावा, स्पीकरवर ठेवा आणि लागला की मला सांगा." मघाचा धुराचा प्रयोग आठवा. घोळक्याचा लकवा मोडायला एवढं पुरतं. निळ्या टी-शर्टवाल्याला आता दुसऱ्याचा चेहरा वाचायची गरज उरत नाही. काम त्याचं आहे, हे त्याला आणि सगळ्यांना कळलेलं असतं. तुम्ही "ताई, तुम्ही रस्त्यावर थांबून गाडीला हात करा" म्हणालात की तीही धावते. आत्मविश्वास इथे असा दिसतो. आतून तुमची छाती धडधडत असली तरी हरकत नाही, फक्त वाक्य नेमकं हवं.

मग छातीच्या मधोमध तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे दमवणारं काम आहे, दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून माणसं बदलत राहा. बरगडी मोडेल ही भीती सगळ्यांना वाटते. मोडूही शकते. मोडलेली बरगडी जुळते.

मात्र धाडस आणि उडी यांत फरक आहे, आणि गोदावरीकाठच्या शहरात हे सांगायलाच हवं. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारलेला मित्रही बुडाला, ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो. बुडणारा माणूस जवळ येईल त्याला कवटाळतो. पोहता येत असलं तरी आधी दोर, ओढणी, बांबू, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते टाकायचं. बाहेर काढलेल्याला नुसतं छाती दाबणं पुरत नाही, तोंडाने श्वासही द्यावा लागतो. तो शिकून घ्यायला हवा, आणि एका दुपारी शिकता येतो.

"नंतर पोलिसांचं लफडं मागे लागेल" म्हणून मागे सरणाऱ्यांसाठी कायद्यानेच उत्तर दिलंय. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग ज्या शहरातून जातो, तिथल्या प्रत्येकाला हे पाठ हवं.

दुसऱ्यांनी थांबू दिलं पाहिजे

आत्मविश्वासाबद्दल बोलताना आपण सगळं ओझं एकट्या माणसावर टाकतो, ते मला पटत नाही. सातपूर, अंबडच्या कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या पोरासमोर मोठं लाल बटण असतं. मशीनचा आवाज बदलला, काही खटकलं, तर दाबायचं. ते दाबायला अर्धा सेकंद लागतो. पण मागच्या महिन्यात कुणी तरी ते दाबलं, काही निघालं नाही, आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत ओरडला असेल, "प्रॉडक्शन कोण भरून देणार?", तर यावेळी त्या पोराचा हात बटणापाशी जाऊन थबकणार. उशीर पोराने केला असं अहवालात लिहिलं जाईल. खरं तर तो उशीर महिन्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. ज्या शॉपफ्लोअरवर विनाकारण दाबलेल्या बटणालाही "बरं केलंस, बघू काय होतं" असं उत्तर मिळतं, तिथेच कारण असताना ते वेळेत दाबलं जातं. घरातही हेच. "उगाच दवाखान्यात नेलं, गॅसच होता" म्हणून ज्या सुनेची थट्टा झाली, ती पुढच्या वेळी सासऱ्यांना थोडं पडून बघा म्हणेल.

२०२७ च्या आधी

हे सगळं आत्ताच लिहावंसं वाटलं, कारण २०२७ मध्ये सिंहस्थ आहे आणि नाशिकच्या घराघरांत पाहुणे उतरणार आहेत. २७ ऑगस्ट २००३ ला, शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. बंदोबस्त करणाऱ्या यंत्रणांचं काम त्यांनी करावंच. पण गर्दीत उभ्या असलेल्या माणसालाही काही गोष्टी ठाऊक हव्यात.

एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाच्या वर माणसं झाली, की कोण कुठे जाईल हे कुणाच्या हातात उरत नाही. मागून आलेला लोंढा पुढच्याला लोटत जातो, आणि मागच्याला पुढचं दिसत नसतं. अशा वेळी मृत्यू बहुधा पायाखाली तुडवल्याने होत नाही, उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास घेता येत नाही म्हणून होतो. त्यामुळे निघायची खूण फार आधीची ठरवावी लागते. दोन्ही खांदे अनोळखी माणसांना सतत टेकायला लागले, की निघायचं. त्या वेळी वळता येतं. हात वर काढता येईना झाला, म्हणजे ती वेळ गेली. मग हात छातीसमोर घडी करून धरायचे, बरगड्यांपुढे बोटभर जागा राखायची. लोंढ्याविरुद्ध जोर लावायचा नाही. धक्का ओसरला की तिरकं, कडेकडेने सरकायचं. चप्पल, फोन, पिशवी पडली तर पडू द्यायची. वाकायचं नाही.

घरून निघण्याआधी पाच मिनिटं बसून बोलावं. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हे एक ठिकाण नावाने ठरवावं; गर्दीत फोन लागत नाहीत. पोरांच्या आणि आजी-आजोबांच्या खिशात नंबर लिहिलेला कागद ठेवावा. आणि मुख्य म्हणजे, रामकुंडावरच डुबकी मारली पाहिजे हा हट्ट घरीच सोडवून घ्यावा. टाकळी, दसकच्या घाटांवरही गोदावरीच वाहते. "इतक्या लांबून आलो आणि रामकुंड नाही?" हा प्रश्न मावशी गर्दीच्या मध्यात विचारणार, हे धरून चालावं आणि त्याचं उत्तर स्वयंपाकघरातच देऊन टाकावं. खांदे टेकले की आपण मागे फिरणार, त्या वेळी कुणी वाद घालणार नाही. आजीचा हात कुणी धरायचा, तेही नाव घेऊन ठरवावं. "सगळे लक्ष ठेवा" असं सांगून निघू नये.